गेले किती, आले किती

नानांची वही मागून सुरू होते. लाल पुठ्ठ्याची, लांबट, दुकानदाराकडे उधारीची असते तशी. शेवटचं पान उघडलं की सगळ्यात वर लिहिलेलं असतं : ‘माणसं घरला गेली. मैदान झाडलं.’ त्याखाली ‘दिवे काढले’. त्याखाली ‘एक नंबरची कुस्ती’. मग ‘इनाम मोजून पेटीत’, ‘हलगीवाल्यांचं जेवण’, ‘पैलवान उतरायला शाळेच्या दोन खोल्या’. ओळी खाली येत जातात तसतसे दिवस मागं जातात, आणि यात्रेच्या महिनाभर आधीच्या एका दिवसावर येऊन थांबतात. तिथं एकच शब्द असतो : ‘माती’.

ती वही पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी हसले होते. मी तेव्हा पुण्यात एक वर्षाचा अभ्यासक्रम करत होते. पर्यटन, क्रीडा आणि मनोरंजन या धंद्यांतलं प्रकल्प व्यवस्थापन. घरी कोणाला ते नीट सांगता येत नसे. आई शेजारी सांगायची, ‘सहली काढायला शिकतेय.’ वडिलांच्या मते ते मांडववाल्याचं काम होतं आणि फी भरून शिकावं असं त्यात काही नव्हतं. आज इतक्या वर्षांनी वाटतं, दोघंही फारसे चुकत नव्हते.

वर्गात आम्ही गँट चार्ट काढायचो. हेन्री गँट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं शंभरेक वर्षांपूर्वी रुजवलेला हा तक्ता : डावीकडे कामांची यादी, वर तारखा, आणि प्रत्येक कामापुढे ते कधी सुरू होऊन कधी संपणार याची आडवी पट्टी. मग जोखमींची यादी. प्रत्येक जोखमीपुढे दोन रकाने, शक्यता आणि परिणाम, दोन्हींना एक ते पाच गुण. माझे तक्ते देखणे असायचे. पट्ट्यांना रंग, काम झालं की पट्टी हिरवी. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्यात तक्त्याचा काही दोष नव्हता.

सर गोष्टी छान सांगायचे. माँट्रियलमध्ये 1976 साली ऑलिंपिक झालं आणि त्याचं कर्ज 2006 साली फिटलं, हे त्यांनी अशा थाटात सांगितलं होतं की वर्गातल्या प्रत्येकाला ते कर्ज आपल्याच बापाच्या डोक्यावर असल्यासारखं वाटलं. पण माझ्या डोक्यात रुतून बसली ती दुसरीच गोष्ट. 25 जानेवारी 1998. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक बोट पर्यटकांना घेऊन गेली, स्कूबा डायव्हिंगसाठी. दिवसभर माणसं पाण्यात उतरली, वर आली, संध्याकाळी बोट किनाऱ्याला परतली. मोजणी चुकली होती. एक अमेरिकन जोडपं मागं समुद्रातच राहिलं होतं. त्यांचं सामान बोटीवर तसंच पडलेलं, तरी दोन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. ती दोघं पुन्हा सापडली नाहीत. त्यानंतर तिकडचे मोजणीचे नियम कडक झाले.

परीक्षेत या प्रसंगावर मोठा प्रश्न आला. मी लिहिलं : निघताना मोजणी, परतताना मोजणी, दोन वेगळ्या माणसांनी, लेखी, सहीनिशी. सरांनी समासात बरोबरची मोठी खूण केली आणि माझा पेपर वर्गात वाचून दाखवला.

शेवटच्या सत्राला प्रत्यक्ष कार्यक्रम उभा करून दाखवायचा होता. वर्गातली मंडळी हॉटेलांत, रिसॉर्टांत पांगली. मी आजोळ धरलं. वाई तालुक्यातलं गाव, पाठीशी डोंगर, डोंगरात खिंड. गावातून खिंडीपर्यंत आणि दुसऱ्या वाटेनं परत, अशी बारा किलोमीटरची शर्यत, नोव्हेंबरात. पुण्या-मुंबईची माणसं अशा शर्यतींना हौसेनं पैसे भरून येतात. येतील, धावतील, गावात पिठलं-भाकरी खातील, चार घरांना चार पैसे मिळतील. मामाला कल्पना आवडली. फक्त तो म्हणाला, ‘आधी नानांच्या कानावर घाल. आणि चैतात ये. कुस्त्यांचं मैदान बघ.’

नाना म्हणजे आईचे चुलते. यात्रेतलं मैदान तीसेक वर्षं तेच भरवतात. पद काही नाही. यात्रा कमिटीच्या पत्रिकेत त्यांचं नाव शोधायचं तर ‘आपले नम्र’च्या घोळक्यात पंधरावं-सोळावं सापडायचं.

मी यात्रेच्या आठवडाभर आधी गेले, तर नाना हौद्यात. हौदा म्हणजे कुस्तीची जागा, कंबरभर खोल खणलेली आणि पुन्हा भरलेली. तांबडी माती ढेकळं फोडून, चाळून घेतलेली. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू. चारपाच पोरं फावड्यांनी ती खालीवर करत होती आणि नाना काठावर उकिडवे बसून मधूनच एक मूठ उचलत, दाबत आणि उघडत. मूठ उघडली की गोळा राहायला हवा, आणि बोट लावलं की फुटायला हवा. गोळा राहिला नाही. ‘आजून ताक,’ नाना म्हणाले आणि पोरं कपाळाला हात लावून हसली.

‘एवढं काय मातीचं?’ मी विचारलं.

‘मांडव एक दीस उशिरा आला तर काय हुतंय? लोकं उन्हात बसतील. कर्णा न्हाई वाजला तर घसा हाय. इनामाला पैसं कमी पडलं तर कोन तरी खिशात हात घालतंय. पर माती कच्ची ऱ्हायली तर पोराचा खांदा जातोय. मातीला उशीर म्हंजी मैदानाला उशीर.’

मला भलताच आनंद झाला. कारण हे तर आमच्या पुस्तकात होतं. मी त्यांना सांगितलं, नाना, याला क्रिटिकल पाथ म्हणतात. शंभर कामं असतात, त्यांतल्या बऱ्याच कामांना थोडी ढील असते. पण एक साखळी अशी असते की तिच्यातल्या एका कामाला एक दिवस उशीर झाला की सगळाच कार्यक्रम एक दिवस पुढं जातो. अमेरिकेत 1950 च्या दशकात रासायनिक कारखान्यांच्या कामांसाठी ही रीत बसवली.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ‘बसवली असंल. तुझ्या शर्यतीची माती कंची?’

‘नावनोंदणी,’ मी तडक सांगितलं. लोकच आले नाहीत तर शर्यत कसली?

नानांनी पुन्हा एक मूठ उचलली.

यात्रेच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मैदान भरलं. उतारावर माणूस माणसाला चिकटून बसलेलं, झाडांवर पोरं. सरपंच नारळ घेऊन हौद्याकडे निघाले. आत यायच्या वाटेवरच दगड होता, तिथंच फोडायच्या बेतात होते, तेवढ्यात नाना गर्दीतून वाट काढत गेले आणि त्यांचं कोपर धरून त्यांना पार पलीकडच्या कोपऱ्यात घेऊन गेले. सरपंच जरा वरमले. सत्काराच्या वेळी माणसाला कोणी कोपर धरून हलवलेलं आवडत नाही. नारळ पलीकडे फुटला, पाणी बांधाच्या मातीत जिरलं.

रात्री ओट्यावर मी ते हसत हसत सांगितलं. नाना हसले नाहीत. त्यांनी फक्त समोरच्या डोंगराकडे हनुवटी केली. मांढरदेवचा डोंगर आमच्या अंगणातून दिसतो.

25 जानेवारी 2005, शाकंभरी पौर्णिमा. काळूबाईच्या यात्रेला लाखांनी माणूस आलेलं. फुटलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या, एक घसरलं, त्यावर दुसरं, मागून लोट चालूच. मग खालची दुकानं पेटली, गॅसच्या टाक्या फुटल्या. जवळपास तीनशे माणसं गेली. वाईच्या पट्ट्यात ती आठवण निघाली की अजून बोलणं तुटतं. नाना त्या दिवशी गावातल्या लोकांबरोबर डोंगरावर होते.

‘आमी गेल्यालो एकोनीस, परत आलो एकोनीस,’ ते म्हणाले. ‘देवीची किरपा. पर त्ये एकोनीस हुईस्तवर रातीचं दोन वाजलं. वाईच्या स्टँडावर बसून एकेकाचं नाव आठवत हुतो. कोन म्हनतंय अठरा, कोन म्हनतंय वीस. सकाळी निघताना कुनी मोजलंच नव्हतं. गेलं कोन तेच ठावं न्हाई, तर ऱ्हायलं कोन ते कळावं कसं?’

मी ते मनापासून ऐकलं. खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला आणि माझ्या जोखमींच्या यादीत एक ओळ वाढवली : ‘निसरडी जागा. शक्यता 2, परिणाम 4. उपाय : नारळ बाजूला फोडणे.’ दोन्ही तारखा एकच आहेत, सात वर्षांच्या अंतरानं, हे तेव्हा मला सुचलंसुद्धा नाही. नारळ लक्षात राहिला, मोजणी राहिली नाही. शिकलेल्या माणसाचं असंच होतं बहुतेक. गोष्टीतली वस्तू उचलतो आणि गोष्ट तिथंच ठेवतो.

मैदानाबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण नानांनी मला सगळ्यात मोठा इशारा दिला तो त्यातच होता. कुस्त्या सुरू होतात रेवड्यांवर. सातआठ वर्षांची चड्डीतली पोरं, जिंकलं की मूठभर रेवड्या, हरलं तरी चिमूटभर. मग पन्नास रुपयांची जोड, शंभराची, पाचशेची. दिवे लागतात. पैलवान मोठे होत जातात, हलगी चढत जाते, आणि एक नंबरची कुस्ती लागते तेव्हा रात्र झालेली असते. सकाळपासून बसलेला म्हातारासुद्धा जागचा हलत नाही, कारण ज्यासाठी आलो ते अजून व्हायचंय.

त्या रात्री परतताना नानांनी विचारलं, ‘तुझ्यात पयला कोन येतंय?’

‘जो सगळ्यांत जोरात पळतो तो.’

‘आन शेवटाला?’

‘जो सगळ्यांत हळू.’

नाना थोडं चालले. ‘म्हंजी तुझी एक नंबरची कुस्ती आदीच हुनार. आन रेवड्यावाली पोरं शेवटाला. मग त्यांच्यासाटनं थांबंल कोन?’

मला ते इतकं गमतीदार वाटलं की पुण्याला गेल्यावर मी वर्गात सांगितलं. सगळे हसले. सर हसले नाहीत बहुतेक, पण तेव्हा मी सरांकडे बघत नव्हते.

पैशांची बाजू थोडक्यात सांगते. मी प्रायोजक शोधत होते, नाना म्हणत होते वर्गणी काढ. रक्कम केवढी हा प्रश्नच नाही, दहा रुपये दिलेला माणूस कामाला येतो. हा पट्टा खाशाबा जाधवांचा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा 1952 साली हेलसिंकीला गेले ते लोकांनी जमवलेल्या पैशांवर, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी तर स्वतःचं घर गहाण टाकलं, आणि ते कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. नानांच्या दृष्टीनं वर्गणी या विषयावर यापुढं बोलण्यासारखं काही उरत नाही. मी दोन्ही केलं. प्रायोजक अर्धेच मिळाले, वर्गणी पुरती जमली.

नोव्हेंबर उजाडला आणि टी-शर्ट अडकले. पुण्यातला छपाईवाला ‘उद्या देतो’ म्हणत होता आणि त्याचा उद्या चार दिवस चालला. शेवटचे दोन दिवस मी त्याच्या दुकानात स्टुलावर बसून काढले. पाहुणे कोणत्या वाटेनं येणार, त्यांना फेटा कोण बांधणार, पदकांची खोकी कुठं आहेत, फोन, फोन, फोन. खिंडीतल्या पाण्याच्या टेबलाचं काम मी गावातल्या दोन पोरांवर सोपवलं. शहाणी पोरं. त्यांना एक यादी दिली आणि बजावलं, ‘सामान मोजून न्यायचं, मोजून परत आणायचं. झेंडे भाड्याचे आहेत, एक जरी हरवला तरी पैसे कापतात.’

शर्यतीच्या पहाटे थंडी मस्त होती. 312 धावपटू. आकडा पक्का, कारण छातीवरचे नंबर मी स्वतः वाटले होते. त्यांत मुंबईचे आयटीवाले होते, साताऱ्याचे डॉक्टर होते, सैन्यभरतीचा सराव करणारी आमच्या पट्ट्यातली काटक पोरं होती, आणि 288 नंबर लावून शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी होत्या. नऊवारीचा काष्टा, वर शर्यतीचा टी-शर्ट, पायांत मुलाचे कॅनव्हासचे बूट. गावच्या माणसांना फी नव्हती. मावशींनी वर्गणी मात्र दिली होती, वीस रुपये.

सरपंच नारळ घेऊन आले. मी पुढं होऊन त्यांना बाजूला नेलं, पार बांधाकडे, आणि मागं वळून नानांकडे बघितलं. नाना पायताणातला खडा काढत होते.

साडेसहाला शिटी वाजली. भरतीवाला एक पोरगा एक तास व्हायच्या आत परत आला तेव्हा गावानं हलगीवर त्याला अक्षरशः उचलून घेतलं. पाठोपाठ दहा, मग पन्नास, मग घोळकेच्या घोळके. केळी, चिक्की, फोटो. आठला मैदान भरलं होतं. नऊला पाहुणे आले, बरोबर नऊला, हे मात्र मी तक्त्यात धरलं नव्हतं. माझी शेवटची पट्टी होती ‘बक्षीस समारंभ, 9 ते 10’. तिच्या उजवीकडे पांढरा कागद.

समारंभ सुरू झाला आणि खिंडीतली पोरं उतरून आली. एकाच्या खांद्यावर झेंड्यांची मोळी, दुसऱ्यानं मोटारसायकलवर पाण्याचे क्रेट आणि घडीचं टेबल बांधून आणलेलं. ‘ताई, चोवीसच्या चोवीस. क्रेट सहा. टेबल एक.’ मी तिथल्या तिथं मोबाइलवर ती पट्टी हिरवी केली. सगळ्या पट्ट्या हिरव्या. त्या वर्षात इतकं समाधान मला कशानंच झालं नव्हतं.

पाहुणे माइकवर होते. नाना व्यासपीठाच्या मागच्या बाजूनं आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि पाहुण्यांकडेच बघत हळूच विचारलं, ‘गेलं किती?’

‘तीनशे बारा.’

‘आलं किती?’

शेवटच्या रेषेवर वेळ लिहायला दोन मुली होत्या. त्यांची वही मी मागवली. एकीनं 240 पर्यंत नंबर लिहिले होते, मग गर्दी झाली म्हणून दुसऱ्या पानावर दुसरीनं. जोडून पाहिलं तर 309. पुन्हा मोजलं. 309. हिरव्या पट्ट्यांचा तो मोबाइल माझ्या हातातच होता.

पोरांना विचारलं, ‘तुम्ही निघालात तेव्हा मागं कोणी होतं का?’

‘बराच वेळ कुनी आलंच न्हाई, ताई. खालनं हलगी ऐकू आली, बक्षिसं चालू झाली. आमाला वाटलं झालं.’

‘आणि झेंडे?’

‘तुमीच म्हनलेलात, मोजून आना.’

तिघांपैकी दोघं दहा मिनिटांत सापडले. एक मुंबईचा गृहस्थ दमून अर्ध्यातून वळला होता आणि मामाच्याच ओसरीवर छातीवर नंबर लावून पोहे खात होता. मी रागानं बोलणार तेवढ्यात तोच म्हणाला, ‘सांगायचं होतं, पण कोणाला सांगायचं तेच कळेना.’ दुसरा पोरगा रेषेवरून आलाच होता, मुलीच्या लिहिण्यात सुटला होता. दोघांचे नंबर वहीत चढवले. उरला 288.

नानांचा नातू मोटारसायकल काढून तयार होता. गाडीरस्ता संपेपर्यंत त्याच्या मागं बसून गेले, तिथून पुढं पायी. पाऊणएक किलोमीटर चढल्यावर वाटेला फाटा फुटतो. एक खिंडीतून गावाकडे, दुसरी धनगरांच्या वाड्याकडे. सकाळी त्या फाट्यावर माझे चार भाड्याचे झेंडे होते. आता तिथं फक्त भोकं होती, जमिनीत चार, एका ओळीत.

हाका मारत मी वाड्याच्या वाटेनं गेले. मावशी एका धोंड्यावर बसल्या होत्या. एक बूट काढून मांडीवर घेतलेला, पोटरीला दोन्ही हातांनी चोळत होत्या. ओठ कोरडे पडले होते. मला बघून उठायला लागल्या, जणू चूक त्यांची होती.

‘गोळा आला गं पायाला. वर टेबलापाशी आले तर टेबलच न्हाई. म्हनलं संपलं आसंल. मग ह्या वाटंनं निघाले, तर हीबी वाट भलतीच.’

मी जवळची बाटली दिली. त्यांनी आधी दोन घोट घेतले, मग चूळ भरली, मग अर्धी बाटली संपवली. मी तेव्हा काय काय बोलले ते नीट आठवत नाही. माफी मागितली असावी. त्या ऐकत नव्हत्या. बूट चढवत होत्या.

‘खाली गाडी आहे मावशी. नानांचा नातू थांबलाय. मागं बसा.’

मावशींनी माझ्याकडे बघितलं. ‘गाडीवर? शर्यत हाय न्हवं ही?’

मग आम्ही चालत निघालो. त्यांच्या पायाला जमेल तसं, मधे मधे थांबत. मोटारसायकल मागून पहिल्या गिअरमध्ये घरघरत येत होती. वाटेत त्यांनी मला विचारलं, तुला हे शिकवतात का पुण्यात. मी म्हटलं, शिकवतात. त्यावर त्यांनी पुढं काही विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनी एखादा टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. पंधरा-वीस मिनिटं मला माझ्या उत्तरपत्रिकेतलं एकेक वाक्य दिसत होतं. निघताना मोजणी. परतताना मोजणी. दोन वेगळ्या माणसांनी. समासातली लाल खूण. झेंड्यांसाठी मी ते सगळं केलं होतं.

गावात शिरलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. समारंभ कधीच आटपला होता. पाहुण्यांची गाडी गेली होती, मुंबईच्या गाड्या गेल्या होत्या, मैदानात केळ्यांची सालं आणि कागदी पेले पडले होते. खुर्च्या थप्प्या करून टेम्पोत चढल्या होत्या. पण शेवटच्या रेषेवरची कमान उभी होती. तिच्या एका खांबाची दोरी हातात धरून मांडववाला वैतागून उभा होता, आणि त्याच्यासमोर, एकुलत्या एक खाली राहिलेल्या खुर्चीत, नाना. शेजारी हलगीवाला बसून बिडी ओढत होता. वेळ लिहिणाऱ्या दोन्ही मुली वही घेऊन पायरीवर.

आम्ही वळणावर दिसताच नानांनी नुसता हात वर केला. हलगीवाल्यानं बिडी विझवली आणि सकाळी पहिल्या नंबरला वाजवली होती तीच चाल सुरू केली. आवाज ऐकून दोनचार घरांतनं बायका बाहेर आल्या. शाळेतली पोरं कुठून कुठून धावत आली. त्यांच्या खिचडीच्या मावशी होत्या त्या. मावशींनी पदर खोचला, आणि शेवटची तीसचाळीस पावलं, लंगडत का होईना, पळाल्या.

मुलीनं घड्याळ बघून वेळ लिहिली. कोणीतरी तांब्या आणला. मावशी उभ्यानंच पाणी प्यायल्या.

‘गेलं?’ नानांनी विचारलं.

‘तीनशे बारा.’

‘आलं?’

मी वही घेतली, दोन्ही पानं पुन्हा एकदा मोजली. त्यांनी घाई केली नाही.

‘तीनशे बारा.’

‘सोड आता दोरी,’ नाना मांडववाल्याला म्हणाले आणि खुर्ची उचलून त्याच्या हातात दिली. ‘आन दीड तासाचं जादा भाडं हिच्याकडनं घे.’